भिंतीवरची बाई

“भिंतीचा चुना कालवायला पानी माझ्या घागरीतलं नेलं, अन् शानपन बी मलाच,” जाईबाई पाण्याच्या रांगेत पुढं उभ्या चांगुणेच्या कानाशी पुटपुटली.

बाहत्तरचा दुष्काळ. विहिरीसमोरच्या सोसायटीच्या भिंतीवर बेंबळीच्या पेंटरनं चित्र काढलं होतं. घागर भरून वाहतेय आणि बाई नुसती बघत उभी आहे. खाली अक्षरं, ‘पाण्याची नासाडी टाळा’.

रांगेतल्या बायका चक्रावल्या. ही कुणाची कोण? भरून वाहणारी घागर तर वर्षभरात कुणी पाहिली नव्हती.

“बाई नीट जमली न्हाय का?” पेंटरनं बिचकत विचारलं.

सोसायटीचे चेअरमन शेजारीच उभे होते. सगळ्या आपापल्या रिकाम्या घागरीत बघू लागल्या.

जाईबाईनं पदर सावरला. “बाई खोडा, दादा. तिथं चेअरमनसायबांचा ऊस रंगवा. साऱ्या शिवारात तेवढाच हिरवा हाय.”