धुराची फडकी

नाथाजी हवालदारानं लोखंडी पेटी खांद्यावर घेतली आणि चावडीची वाट धरली. मामलेदार येऊन बसले होते.

बाळासोची वीटभट्टी गावाला खेटूनच. वारा फिरला की धूर थेट नाथाजीच्या घरात. बायकोला, बनुबाईला, धाप लागायची. वैद्यानं सांगितलं होतं, हा धूर हटला नाही तर बाई पुढचा उन्हाळा बघायची नाही. एकुलता एक मुलगा मानसिंग पुण्याच्या कारखान्यात; घरात दोघंच.

नाथाजी भांडला नाही. गोऱ्यांच्या पलटणीत मुरलेला, कायद्यानं चालणारा माणूस. बेचाळीसच्या दिवाळीत भट्टी पेटली तसं त्यानं पांढरं धोतर फाडलं. दर अमावस्येला छपरावरच्या काठीला एक फडकं बांधायचं, आधीचं सोडून पेटीत ठेवायचं. पहिलं राखेच्या रंगाचं निघालं. त्रेचाळीसच्या होळीपर्यंत फडकी तव्यासारखी काळी झाली.

"ऱ्हाऊ द्या की," बनुबाई म्हणायची. "भट्टीवर लोकांची पोटं हायती."

"तुझा जीव चाललाय, आन् तुला लोकांची पोटं!"

काल शेवटचं फडकं पेटीत टाकून तो मामलेदार साहेबांना आणायला तालुक्याला गेला होता.

चावडीत बाळासो मिशीत हसत होता. "हवालदार, गोऱ्यांनी धूर मोजायला शिकिवलं व्हय?"

"आता बघ गड्या," म्हणत नाथाजीनं पेटी उघडली. पहिलं फडकं झटकलं. पांढरंशुभ्र. दुसरं तसंच. तिसरंही.

गाव खदाखदा हसलं. "हवालदार, धोतर शिवून घ्या परत!" कुणीतरी ओरडलं. मामलेदार भट्टीकडं न फिरकताच घोड्यावर बसले.

घरी बनुबाई उंबऱ्याला टेकून श्वास ओढत होती.

"पेटीला कुणी हात लावला?"

"मी. सोड्यात उकळली."

नाथाजीनं पेटी खाली टाकली. "अगं, तुझ्यासाठीच केलं ना समदं?"

"सायेब भट्टीवर गेला असता. तिथल्या खोपीत आपला मानसिंग हाय. चलेजावचं वारंट हाय त्याच्यावर."

"मानसिंग पुण्याला हाय."

"दिवाळीपासनं हितंच हाय. बाळासोनं ठेवून घेतलाय. भाकरी मी पोचवती."

"बाळासोला ठावं. तुला ठावं. आन् मला न्हाई?"

बनुबाईला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर पदरानं तोंड पुसत ती हळूच म्हणाली, "मानसिंगानंच शपथ घातली. म्हणला, आबा आधी मला धरून देतील, मग रडतील."