समोरच्या संघातली

शिबिराच्या शेवटच्या दुपारी श्यामकांतांना सगळ्या मुली सारख्याच दिसायला लागल्या. सगळ्या घामाघूम, आणि बॉल हातात आला की सगळ्यांना सरळ बास्केटकडेच पळायचं होतं. यात पोरींचा दोष नव्हता. निवड चाचणीत पास देणारी मुलगी कोणाच्या डोळ्यात भरत नाही, हे त्यांना पहिल्या तासाभरातच कळतं.

अंधेरीतल्या त्या बंदिस्त कोर्टवर पंखे होते, पण वारा बाकापर्यंत पोचत नव्हता. पुढच्या आठवड्यात बास्केटबॉल लीगचे संघमालक आळीपाळीने एकेक खेळाडू उचलणार होते. त्यातल्या एका मालकासाठी कोणाला उचलायचं ते श्यामकांतांनी सांगायचं होतं. बँकेकडून उभी हयात खेळलेला माणूस. गुडघे गेले, नजर राहिली, म्हणून बोलावलेला. शेजारी मालकाचा माणूस धवल मांडीवर टॅब घेऊन बसला होता. मुलीने काहीही केलं की तो स्क्रीनवर बोट टेकवायचा. एखादी शिंकली तरी टेकवेल, असं श्यामकांतांना वाटून गेलं.

बाकीची नावं ठरली होती. एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी दोघी. खारदांड्याची कल्पिता, ताडमाड उंच, लांब हातांची. आणि मुलुंडची गार्गी, चणीने लहान, पण सगळ्यांना बॉल पुरवणारी. दोघी कॉलेजची पाच वर्षं एकाच संघातून खेळलेल्या. गार्गीने सकाळीच सांगून टाकलं होतं, "सर, इथे नाही झालं तर सोमवारपासून ऑफिस. बाबांशी तसं ठरलंय. मग खेळ बंद."

ओळखीच्या मुलींना चाचणीत एका बाजूला ठेवायचं नाही, ही श्यामकांतांची जुनी पद्धत. एकीचं उणं दुसरी झाकते आणि बघणारा फसतो. म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने गार्गीला निळी बंडी दिली आणि कल्पिताला पिवळी.

शेवटचा सामना सुरू झाला. गार्गी बॉल घेऊन पुढे आली तशा दोघी पिवळ्या तिच्यावर धावल्या. तिने नजर उजवीकडे ठेवली आणि बॉल मात्र डावीकडे, दोघींच्या डोक्यावरून असा काही सोडला की श्यामकांत टेका सोडून ताठ बसले. सबंध शिबिरात असा पास कोणी दिला नव्हता. बास्केटजवळ उंच धरलेल्या दोन हातांत तो अलगद जाऊन बसला.

ते हात कल्पिताचे होते.

तीही क्षणभर बावचळली. मग पिवळ्या पोरी ओरडल्या तशी ती पळत सुटली आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन बास्केट करून आली. बाकांवर हशा पिकला. गार्गी होती तिथेच कपाळाला हात लावून उभी राहिली.

धवलने बोट टेकवलं. "गार्गीची चूक. कल्पिताने बॉल हिसकावला, वर दोन पॉइंट. क्लिअर आहे, सर. कल्पिताच."

"हिसकावला कुठे रे? आयता हातात आला तिच्या. आणि कसा आला ते बघितलंस का?"

"समोरच्या टीमला दिला ना, सर," धवल अदबीने म्हणाला. "मालक व्हिडिओ बघणार. त्यांना काय सांगू?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. उंच पोरी शोधून सापडतात, पण त्या कधी मोकळ्या होणार ते आधी हेरणारी एखादीच असते. पण हे आधी धवलला पटवायचं, मग फोनवर मालकाला, मग मालकाच्या मेव्हण्याला. गेल्या वर्षी एका मुलीसाठी श्यामकांत असेच भांडले होते आणि शेवटी मेव्हण्याचंच खरं झालं होतं. त्यांना कंटाळा आला. त्या कंटाळ्याची लाजही वाटली, पण कंटाळा लाजेपेक्षा मोठा निघाला.

"घाल कल्पिताचं नाव," ते म्हणाले. "उंची काही शिकवता येत नाही."

ते बाहेर आले तेव्हा गार्गी पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. तिला टाळून खाली उतरायला वाट नव्हती.

"कल्पिताचं झालं ना, सर?"

"झालं."

गार्गीने मान हलवली. टॉवेलने घाम पुसता पुसता डोळेही पुसून घेतले. "माझी तर वाट लागली. पण तिचं झालं ते बरं झालं."

"अगं, पण तिच्याकडे टाकलासच कसा?"

"ती मोकळी दिसली, सर. बंडी बघायचं लक्षातच नाही आलं."

तिच्या खांद्यावर थोपटून श्यामकांत रिक्षा बघायला निघाले.

"सर," ती मागून म्हणाली, "तुमच्या टीममध्ये जी कोणी बॉल खेळवणार असेल ना, तिला सांगून ठेवा. कल्पिताला पास उंचावरूनच द्यायचा. छातीवर दिला की तिच्या हातातून सुटतो."

"सांगतो."

"नुसतं सांगून नाही जमायचं पण," गार्गी बूट पिशवीत भरत म्हणाली. "मला दोन वर्षं लागली."