सातव्या ओळीतली वीट

किरणोत्सारी कचरा जमिनीखाली पुरायचा, तर त्याभोवती खास मातीच्या विटांची भिंत लागते. पाणी मुरलं की ती माती फुगते आणि फटी बुजवते. चाचणीसाठी अशी एक भिंत अठरा वर्षांपूर्वी बोगद्यात रचली होती. रचणारा गवंडी आता हयात नव्हता. आज ती फोडून तपासायची होती, आणि तपासणार होती त्याचीच मुलगी.

सातव्या ओळीतल्या एका विटेवर बाबांनी खिळ्याने आईचं नाव कोरलं होतं. एरवी त्यांनी तिला साधी चिठ्ठीही कधी लिहिली नव्हती.

"एक रेघ जरी दिसली, तरी आपली अठरा वर्षं फुकट गेली समजा," साहेब म्हणाले.

भिंत फोडल्यावर तिने आतल्या विटांवर बॅटरी धरली, बोटं फिरवली. विटा एकजीव झाल्या होत्या. सांधासुद्धा सापडेना. मागे टाळ्या वाजल्या. तिने अहवालावर सही केली आणि वर येऊन घरी फोन लावला.

"सापडलं का गं माझं नाव?"

"नाही, आई. बाबांचं काम अगदी चोख निघालं."



"जन्मभर चोखच केलं गं त्यांनी. तेवढं एक कच्चं ठेवायचं होतं."