अकरा तिकिटं

महिला फुटबॉल संघाचा इतिहास छापायचा होता, म्हणून महासंघाच्या कारकुनाने पहिल्या संघाच्या गोलकीपरला कचेरीत बोलावलं.

"पहिलीच परदेशातली स्पर्धा आणि सात गोल खाल्लेत?" चहा फुंकत तो म्हणाला. "गोलात उभ्या होतात की झोपा काढत होतात, ताई?"

तिने टेबलावरच्या संघाच्या फोटोत कडेच्या दोघींवर बोट ठेवलं. "खेळाडूंची तिकिटं अकराच होती. ही अध्यक्षांची बायको, ही मेहुणी. जर्सी घातली ती फोटोपुरती. सामन्याच्या वेळी दोघी बाजारात होत्या. आम्ही नऊजणी खेळलो."

 कारकुनाने भिंतीवरच्या अध्यक्षांच्या तसबिरीकडे एकदा पाहिलं, मग मान खाली घालून लिहिलं, 'सात-शून्यने पराभव. कारण, गोलकीपरचा ढिसाळ खेळ.'