शिक्के मारून झाल्यावर

दुपारी चारला छोट्या विमानतळावरच्या एकमेव अधिकाऱ्याने भावाबहिणीचं सामान तपासलं, पासपोर्टवर देश सोडल्याचे शिक्के मारले आणि तो घरी गेला. वडील सरहद्दीपलीकडे अत्यवस्थ होते. भाऊ चार आसनी विमान सुरू करणार, तोच रेडिओवर निरोप आला : लष्करी सराव सुरू झाल्याने पलीकडची हवाई हद्द बंद.

"आधी हद्दीची खात्री, मग शिक्के. एरवी जगाला शिकवतोस ना?"

"साहेब घरी पळाले असते, ताई. म्हणून आधी ते उरकलं."

ती उतरून इमारतीच्या दाराशी गेली. पहारेकऱ्याने दार उघडलं नाही.

"बाई, तुम्ही देशाबाहेर गेलात. साहेब सकाळी येईपर्यंत आत घेता येणार नाही."

"अहो, तुमच्यासमोर उभी आहे मी!"

"दिसताय की. पण गेलात."

तेवढ्यात आईचा फोन आला. "निघालात ना गं? बाबांची नजर दारावरून हलत नाही."

बहिणीने विमानाकडे पाहिलं. "हो आई. देश सोडला."

अंधार पडल्यावर या विमानाला उड्डाणाची परवानगी नाही. सूर्य क्षितिजाला टेकला तेव्हा हद्द बंदच होती.