शेजारची खुर्ची

“गुपित कुठवर राखणार, ते पहिल्याच दिवशी सांगायचं, जिवावर बेतलं तर घरच्यांना कळवावंच लागतं,” शिकवणाऱ्या बाई बजावायच्या. समुपदेशक झाल्यावर तिने ते कटाक्षाने पाळलं, फक्त सल्ल्यासाठी आलेल्या या मुलीचं रडणं पहिल्या भेटीत बघवेना, म्हणून ती तिला बोलून गेली होती, “इथलं इथेच राहील.” आज मुलीने आईच्या नावाची चिठ्ठी टेबलावर ठेवली. “मी मेल्यावर द्या.” चिठ्ठी वाचून समुपदेशक उठली. “आईला आत बोलावते.” “शब्द दिला होतात! निघालात ना शेवटी आईच्याच पार्टीतल्या?” “चुकलंच माझं. असा शब्द द्यायला नको होता. पण आईसमोर तुला एकटं सोडणार नाही.” दाराबाहेर आईच्या चपलांची येरझार चालू होती. मुलीने चिठ्ठी चुरगाळली, मग मांडीवर ठेवून सपाट केली. “शेजारी बसाल?” तिने आपली खुर्ची उचलून मुलीच्या शेजारी मांडली आणि दार उघडलं.