भाव उतरेपर्यंत

"आज काय भाव आहे?" बुटांच्या नाड्या सोडता सोडता अपूर्वने विचारलं.

क्षमाने मोबाइलवर बोट फिरवलं. एक टीबीची एसएसडी कालपेक्षा तीनशेने महाग झाली होती.

"थोडा उतरलाय," ती म्हणाली. "अजून उतरेल. थांबा जरा."

"सदर बाजारातला दुकानदार तर आत्ताच घ्या म्हणून राहिला. पुढे वाढणार म्हणे."

"दुकानदार दुसरं काय म्हणणार?"

अपूर्व हसला. "चलो, तुला कळतं त्यातलं."

गणपती नुकतेच गेले होते. क्षमाला त्यातलं खरंच कळत होतं. ती एका खासगी कॉलेजात कम्प्युटर शिकवायची. जगभर एआयची मोठमोठी केंद्रं उभी राहत होती, चिप्स सगळ्या तिकडे चालल्या होत्या. दिवाळीपर्यंत भाव भडकणार, घ्यायची तर आत्ताच घ्या, असं त्याच सकाळी तिने वर्गात मुलांना सांगितलं होतं.

एसएसडी, म्हणजे सगळं साठवायची नवी डिस्क, हवी होती ती अपूर्वच्या जुन्या लॅपटॉपसाठी. त्यात कादंबरीचा आवाज होता. कादंबरी म्हणजे अपूर्वची पहिली बायको. तिला जाऊन पाच वर्षं झाली होती, आणि क्षमा लग्न होऊन नागपूरहून जबलपूरला आली त्याला तीन. कादंबरी गायची. तिचा रियाज अपूर्वने वर्षानुवर्षं त्या लॅपटॉपवर रेकॉर्ड केला होता. दुसरी प्रत नव्हती. रांझीच्या कारखान्यात लेथवर केसाएवढा फरक ओळखणाऱ्या अपूर्वला कम्प्युटरचं मात्र काही कळत नसे.

रविवारी सकाळी तो बाहेरच्या खोलीत लॅपटॉप लावून बसायचा. क्षमा आत पोहे भिजवायची.

गाण्याचं तिला काही वाटत नसे. गाणं थांबल्यावर जे यायचं, ते ऐकवत नसे. "अहो, पंखा बंद करा ना, आवाज येतोय त्याचा." मग अपूर्वचा आवाज, "जो हुकूम, बाईसाहेब." आणि मग दोघांचं हसू, बराच वेळ.

क्षमाला तो कधी बाईसाहेब म्हणाला नव्हता. तो तिच्याशी नीट वागायचा. तिची औषधं आणायचा, तिच्या आईला दर आठवड्याला फोन करायचा. पण तसं हसला नव्हता.

लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधून बारीक खटखट येऊ लागली, तेव्हा हिचे दिवस भरलेत हे क्षमाने कानानेच ओळखलं. तीन महिने, फार तर चार. तिला काहीच करायचं नव्हतं. फक्त "थांबा" म्हणायचं होतं.

ती म्हणत राहिली. नवरात्रात भाव वाढला, ती म्हणाली, सणांमुळे. दिवाळीनंतर तो दीडपट झाला, ती म्हणाली, नव्या वर्षात कोसळेल. अपूर्व कारखान्यातून आला की न चुकता विचारायचा, आणि ती न चुकता सांगायची.

एकदा त्याने हातातला टॉवेल तसाच धरून विचारलं, "काहून गं, तोवर टिकेल ना ती?"

"टिकेल की."

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग टॉवेल दोरीवर टाकून आत गेला.

रविवारचं गाणंही बंद झालं होतं. "उगाच ताण नको त्या डिस्कला," तो म्हणाला, आणि कानात इअरफोन घालून फिरायला जाऊ लागला. क्षमाने बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या हलवल्या, पडदे बदलले. पोहे करताना ती आता स्वतःच काहीबाही गुणगुणायची. कपड्याखाली झाकलेल्या लॅपटॉपकडे मात्र तिची नजर जायचीच.

जानेवारीतल्या एका बुधवारी संध्याकाळी अपूर्वने तो उघडला. खटखट झाली, थांबली. पडदा काळाच राहिला. त्याने दोनदा बटण दाबून पाहिलं.

"गेली वाटतं," तो म्हणाला.

"अरे देवा," क्षमा म्हणाली. आपला आवाज खरा वाटला, याचं तिलाच नवल वाटलं.

"जाऊ दे. जरा चक्कर मारून येतो." तासाभराने तो परत आला, नेहमीसारख्या तीन पोळ्या खाल्ल्या, वांग्याची भाजी छान झाली म्हणाला आणि झोपला.

तो रडेल, चिडेल, डोकं धरून बसेल, असं तिने चार महिने मनात पाहिलं होतं. यातलं काहीच झालं नाही. ती मात्र कूस बदलत राहिली. दुसऱ्या दिवशी वर्गात पाठमोरी उभी राहून फळ्यावर लिहिताना अचानक तिला तो आवाज आठवला. पंखा बंद करा ना. तो आवाज आता कुठेच नव्हता, आणि हे फक्त तिलाच माहीत होतं की तो कसा गेला.

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, घरून लॅपटॉप घेतला आणि ऑटोने सदर गाठलं. दुप्पट लागो, तिप्पट लागो. सगळं काढून घ्यायचं, नव्या एसएसडीत भरायचं आणि त्याच्या हातात ठेवायचं. भाव उतरला म्हणून घेतली, असं सांगायचं.

अपूर्वच्या नेहमीच्या दुकानाचा मालक योगेंद्र काउंटरवरच होता.

"भैया, इसका डेटा निकल आएगा? जो लगे, दूँगी."

योगेंद्रने लॅपटॉप उलटा केला. कोपऱ्यातला टवका पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं.

"रांझीवाले अपूर्वजी का है न?"

"जी."

"इसका डेटा तो हमने सितंबर में ही निकालकर दे दिया था, मैडम. नई एसएसडी में. गाने उनके फोन में भी डाल दिए थे."

क्षमाने काउंटरची कड धरली.

योगेंद्रने स्टूल पुढे सरकवलं. "बैठिए ना. कल शाम भाईसाहब आए थे. बोले, कल मैडम आएँगी, उनके लिए चाय मँगा लेना."